कलकत्त्याची चाल, न्यूयॉर्कचा डाव

१७ ऑक्टोबर १९५६. न्यूयॉर्कच्या मॅनहटन भागातल्या मार्शल चेस क्लबमध्ये रोझेनवाल्ड स्मृती स्पर्धेची एक फेरी चालू होती. अमेरिकेतले बारा निवडक खेळाडू या स्पर्धेत उतरले होते. एका पटावर पांढरी मोहरी घेऊन बसला होता डोनाल्ड बर्न. वय २६, तीनच वर्षांपूर्वी अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकलेला, हल्ला करण्यात वाकबगार. त्याच्यासमोर काळी मोहरी मांडून बसला होता अवघ्या १३ वर्षांचा एक शाळकरी मुलगा. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात त्याने देशाचे कुमार विजेतेपद मिळवले होते आणि त्या जोरावर या थोरामोठ्यांच्या पंगतीत त्याला पान मिळाले होते. मुलाचे नाव रॉबर्ट जेम्स फिशर. जग पुढे त्याला बॉबी म्हणून ओळखणार होते.

त्या दिवशी या मुलाने आपला वजीर समोरच्याला उचलू दिला, आणि डाव जिंकला. बुद्धिबळाच्या नियतकालिकात या डावावर लिहिताना हान्स क्मॉख या जाणकाराने त्याला शतकातला डाव म्हटले. शतक संपायला तेव्हा ४४ वर्षे बाकी होती, तरी ते बिरुद त्या डावाला जे चिकटले ते आजतागायत.

डाव फिशरचा, पण तो ज्या सुरुवातीतून उमलला तिचे नाव आहे ग्रुनफेल्ड बचाव. या सुरुवातीचे मूळ शोधत मागे गेले की आपण आधी व्हिएन्नाला पोहोचतो आणि तिथून थेट कलकत्त्याला. एका बंगाली ब्राह्मणाच्या दारात.

गावातला अजिंक्य

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा एक स्कॉटिश बॅरिस्टर वकिली करीत होता. वकिलीइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, त्याचे प्रेम बुद्धिबळावर होते. लंडनच्या मुक्कामात तो हॉवर्ड स्टाँटनसारख्या नामांकित खेळाडूशी शेकड्याने डाव खेळलेला. कलकत्त्यात त्याच्या तोडीचा खेळाडू मिळणे मुश्कील. १८४८ च्या सुमारास त्याच्या क्लबमधल्या एका सभासदाच्या कानावर आले, की मुलुखातल्या एका गावात एक ब्राह्मण आहे आणि तो म्हणे कधी हरलेलाच नाही. त्याला शहरात आणले गेले. महेशचंद्र बॅनर्जी हे त्याचे नाव. इंग्रजांनी ते मोहेशुंदर, मोहिशुंदर असे जमेल तसे लिहून ठेवले.

महेशचंद्र खेळत होता ते आपले देशी बुद्धिबळ. आपल्याकडच्या वाड्यांतून, ओसऱ्यांवरून जुनी मंडळी खेळत तेच. त्यात प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर पुढे सरकते. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. प्यादे पार पलीकडे पोहोचले तर ते ज्या मोहऱ्याच्या घरात शिरले तेच मोहरे होते, हवा तो वजीर मागता येत नाही. प्याद्याने दिलेली मात ही सर्वांत मानाची. हा खेळ साहेबाच्या रीतीने कसा खेळावा यावर त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे इंग्रजी पुस्तक आपल्या मुंबईतच १८१४ साली छापले गेले होते. म्हणजे देशी खेळाडू आणि विलायती नियम यांची गाठ पडायला सुरुवात कधीच झाली होती.

आता नियमाचा स्वभावावर कसा परिणाम होतो पाहा. युरोपातल्या खेळाडूला पहिल्याच खेळीत प्यादे दोन घरे पळवता येते. त्यामुळे दोघेही धावत पटाच्या मध्यावर येतात, तिथेच छातीला छाती भिडते. जो मध्य धरेल तो राजा, हा त्यांचा त्या काळचा वेदच. एकेक घर सरकणाऱ्या देशी खेळात ही घाई शक्यच नसते. तिथे आधी घर नीट लावायचे, उंटाला कोपऱ्यात झरोका करून द्यायचा, घोडे बाहेर काढायचे आणि मग वेळ पाहून पुढे व्हायचे. महेशचंद्र नवे नियम शिकला, पण हाताचे वळण जुनेच राहिले. कॉक्रेन मध्यभागी प्यादी उभी करी. महेशचंद्र घोडा बाहेर काढी, राजाच्या बाजूचे प्यादे एकच घर सरकवी आणि त्याच्या मागे उंट बसवी. तिथून तो उंट पटाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी नजर लावून बसे.

दोघांमधले शेकडो डाव नोंदले गेले आहेत. बहुसंख्य कॉक्रेनने जिंकले. पण पुष्कळसे महेशचंद्रानेही. त्यातला एक डाव १८५५ सालचा. पांढऱ्याचे वजिराचे प्यादे आणि त्याच्या शेजारचे प्यादे पुढे आलेले. महेशचंद्राने घोडा काढला, उंटासाठी जागा केली आणि तिसऱ्या खेळीला आपले वजिराचे प्यादे दोन घरे टाकून मध्याला धक्का दिला. हीच ती पुढे ग्रुनफेल्डच्या नावाने गाजलेली मांडणी. तिचा आज ज्ञात असलेला पहिला डाव हाच.

त्या डावात महेशचंद्र हरला. अठराव्या खेळीला त्याने घोड्याने पांढऱ्याच्या वजिरावर रोख धरला आणि तिथेच पटावर सापळा मिटला. पांढऱ्याने घोडा उडवून दुहेरी शह द्यायचा, मग वजीर राजाच्या शेजारी नेऊन बळी द्यायचा, तो हत्तीला घ्यावाच लागतो. आणि आपल्याच हत्ती-प्याद्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याने मात करायची. तीन खेळ्यांचा खेळ. वजिराचा बळी आणि घोड्याची मात, हे दोन शब्द वाचकांनी जरा लक्षात ठेवावेत.

व्हिएन्नातला पंडित

त्यानंतर जवळजवळ सात दशके गेली. पहिले महायुद्ध संपले होते, जुनी साम्राज्ये कोसळली होती आणि मध्य युरोपातल्या कॉफीघरांत बुद्धिबळाची जुनी शास्त्रेही तपासून पाहिली जात होती. आरन निम्झोविच, रिचर्ड रेटी ही तरुण मंडळी विचारू लागली, की मध्य धरायचा म्हणजे तिथे प्यादी नेऊनच ठेवली पाहिजेत का? प्रतिस्पर्ध्याला खुशाल ठेवू द्यावीत. मग दुरून उंट-घोड्यांनी त्या प्याद्यांवर दाब आणावा. जे डोलाने उभे आहे तेच मग राखत बसण्याचे ओझे होते.

याच काळात व्हिएन्नात अर्न्स्ट ग्रुनफेल्ड नावाचा खेळाडू होता. १८९३ चा जन्म, घरची गरिबी, लहानपणीच एक पाय गमावलेला. बाहेर धावण्याचे वय त्याने पटासमोर आणि पुस्तकांत घालवले. डावांच्या सुरुवातींचे त्याचे ज्ञान एखाद्या ज्ञानकोशासारखे समजले जाई. १९२२ साली त्याने मोठ्या स्पर्धांत ही मांडणी आणली आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या स्पर्धेत तिच्या बळावर अलेक्झांडर अलेखिनला हरवले. हा अलेखिन पाच वर्षांनी जगज्जेता झाला. एवढ्या मोठ्या खेळाडूवर चाललेली मांडणी जगाच्या डोळ्यांत भरणारच. तिला ग्रुनफेल्डचे नाव मिळाले, आणि ते मिळण्यात काही गैर नव्हते. त्याने तिच्यावर कष्ट घेतले होते, ती सिद्ध करून दाखवली होती.

महेशचंद्राचे काय झाले? त्याचे नाव कोणत्याही सुरुवातीला लागले नाही. मात्र या सगळ्या कुळाला ‘इंडियन’ असे आडनाव मिळाले. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन. घोडा आधी काढून मध्याला दुरून वेढणाऱ्या बहुतेक बचावांना आजही हेच आडनाव लागते. विसाव्या शतकात टार्टाकोव्हरसारख्या लेखकांनी ते रूढ केले. पण त्यामागे कलकत्त्याच्या त्या डावांची आठवण आहे. गंमत म्हणजे कॉक्रेनचे नाव मात्र एका चालीला लागले आहे. घोडा बळी देऊन राजाला उघड्यावर आणण्याची एक धाडसी चाल ‘कॉक्रेन गॅम्बिट’ म्हणून पुस्तकात आहे, आणि १८४८ साली ती ज्याच्याविरुद्ध त्याने खेळली तो समोरचा माणूस महेशचंद्रच होता. एकाचे नाव उरले, दुसऱ्याचा देश उरला.

पण एवढ्यावरून कॉक्रेनला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याने हे डाव लिहून ठेवले नसते, विलायतेतल्या नियतकालिकांकडे पाठवले नसते, तर महेशचंद्र नावाचा कोणी होता हे आज आपल्यालाही कळले नसते. आपल्याकडे त्या काळी किती गावांत किती ‘कधी न हरलेले’ बसले होते कोण जाणे. त्यांच्या खेळ्या हवेत विरल्या, कारण कागदावर उतरवून घेणारे कोणी नव्हते.

वजीर घ्या

आता पुन्हा न्यूयॉर्कला येऊ. फिशर सहा वर्षांचा असताना बहिणीबरोबर पट मांडून खेळायला शिकला होता. आई रेजिना एकटीने दोन मुलांना वाढवत होती. ब्रुकलिनमध्ये कार्माइन निग्रो या शिक्षकाने त्याला हाताशी धरले, आणि १९५६ पासून जॅक कॉलिन्स यांच्या घरी त्याचा राबता सुरू झाला.

बर्नविरुद्धच्या डावात पहिल्या काही खेळ्या दोघांनी उलटसुलट क्रमाने केल्या, पण पाचव्या खेळीला पटावर उभा राहिला तो ग्रुनफेल्ड बचावच. घोडा बाहेर, उंट कोपऱ्यातल्या झरोक्यात, किल्लेकोट झालेला आणि वजिराच्या प्याद्याने मध्याला धक्का. बर्नने वजीर लवकर बाहेर काढला. त्याची दोन प्यादी मध्यभागी खांद्याला खांदा लावून उभी राहिली. दिसायला पांढऱ्याचे सारे झकास होते. एकच गोष्ट राहिली होती. त्याचा राजा अजून आपल्या मूळ घरात, उघड्यावर होता.

अकराव्या खेळीला बर्नने आधी एकदा काढलेला उंटच पुन्हा हलवला. घर लावायच्या वेळी एकाच मोहऱ्याला दोनदा नाचवू नये, हा बुद्धिबळातला पहिला धडा. राजाला आडोशाला नेण्याची तयारी करायची ती वेळ होती. फिशरने उत्तर म्हणून आपला घोडा पटाच्या कडेला नेऊन ठेवला, अशा घरात की जिथे पांढऱ्याचा घोडा त्याला फुकट घेऊ शकेल. फुकट? घेतला असता तर दुसरा काळा घोडा मध्यातले प्यादे मारून थेट वजीर आणि उंट या दोघांच्या अंगावर गेला असता, आणि राजासमोरचा रस्ता मोकळा झाला असता. बर्नने ते ओळखले आणि वजीर मागे घेतला. पण मध्यातले ते डौलदार प्यादे गेलेच.

सतराव्या खेळीला पटावर स्थिती अशी होती, की बर्नच्या उंटाने फिशरच्या वजिरावर रोख धरला होता. कोणीही वजीर हलवला असता. फिशरने तो तिथेच ठेवला आणि आपला एक उंट शांतपणे मागे, मध्याकडे आणला.

बर्नपुढे दोन वाटा होत्या. तो उंट मारला, तर काळा वजीर पुढे येऊन शह देणार, घोडा शहावर शह देत राहणार आणि शेवटी काळा वजीर पांढऱ्या राजाच्या शेजारी जाऊन बळी पडणार. तो हत्तीला घ्यावा लागणार आणि आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोडा मात करणार. वाचकांना ओळख पटली असेल. १८५५ साली कलकत्त्यात ज्या रीतीने या सुरुवातीचा पहिला डाव पांढऱ्याने जिंकला, तीच रीत १०१ वर्षांनी काळ्याच्या बाजूने पटावर वाट पाहत होती. फिशरला त्या जुन्या डावाची माहिती होती असे म्हणण्याला काही आधार नाही. बुद्धिबळाच्या ६४ घरांतच अशा गाठी मारलेल्या असतात. वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या काळी तिथे येऊन पोहोचतात.

बर्नने दुसरी वाट धरली. वजीर घेतला. आणि मग जाते फिरू लागले. काळ्या उंटाने उंट मारून शह दिला. राजा बाजूला झाला, की घोड्याचा शह. राजा परत आला, की घोडा हलून मागच्या उंटाचा शह उघडा पडे. जाण्यात शह, येण्यात शह. या फेऱ्यांत घोड्याने जाता जाता एक प्यादे दळून घेतले, आणि शेवटी ज्या उंटाने वजीर मारला होता तो उंटही एका साध्या प्याद्याने टिपला. हे प्यादे बाजूला सरकताच हत्तीपुढची वाट मोकळी होऊन बर्नचा वजीर माऱ्यात आला. तो वाचवेपर्यंत एक हत्ती गेला. हिशेब केला तर वजिराच्या बदल्यात फिशरला एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादे मिळाले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची सगळी मोहरी एकमेकांना धरून होती, आणि बर्नचा वजीर पटावर एकटाच इकडून तिकडे फिरत होता.

शेवटपर्यंत बसून राहणे

इथून पुढे डाव हरल्यात जमा होता. या दर्जाच्या खेळात अशा वेळी हात पुढे करून हार मान्य करण्याचा रिवाज आहे. त्यात कमीपणा नसतो. उलट उगीच खेळत राहणे हेच अशिष्ट समजतात. बर्नने हार मान्य केली नाही. तो खेळत राहिला. राजा हळूहळू पटाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ढकलला जात होता, त्याचा वजीर दूर कोपऱ्यात काही न करता उभा होता. ४१ व्या खेळीला हत्ती, दोन उंट आणि घोडा यांनी मिळून राजाला घेरले आणि मात झाली.

बर्न हट्टाने खेळत राहिला नव्हता, असे पुढे सांगितले गेले. मुलाने इतका सुंदर डाव खेळला आहे, तर तो मातेपर्यंत पूर्ण व्हावा, हा त्याचा विचार होता. आपल्या पराभवाची शेवटची ओळही त्याने मुलाला लिहू दिली. हा बर्न पुढे इंग्रजीचा प्राध्यापक झाला, अमेरिकेच्या ऑलिंपियाड संघांचा कप्तान झाला आणि १९७६ साली, पन्नाशीही न गाठता, गेला. त्याने चांगले डाव अनेक जिंकले. जगाला तो आठवतो तो या हरलेल्या डावामुळे.

मुलांना बुद्धिबळाच्या वर्गाला घालणाऱ्या आईबापांनी आणखी एक आकडा ध्यानात घ्यावा. शतकातला डाव ज्या स्पर्धेत खेळला गेला, त्या स्पर्धेत फिशरचा नंबर कितवा होता? अकरा डावांत साडेचार गुण, आठव्या-नवव्या जागेची वाटणी. स्पर्धा जिंकली ती सॅम्युअल रेशेव्हस्कीने. बक्षिसांच्या फळ्यावर पाहिले तर तो मुलगा कुठेच नव्हता. पुढे फिशरने आपल्या ६० संस्मरणीय डावांचे पुस्तक लिहिले, त्यातही हा डाव त्याने घेतला नाही.

त्यानंतरचे आयुष्य सर्वांना ठाऊक आहे. १९७२ साली आइसलँडच्या रेक्याविकमध्ये बोरिस स्पास्कीला हरवून तो जगज्जेता झाला. १९७५ साली कार्पोव्हशी खेळायलाच उतरला नाही आणि पद गेले. मग लोकांपासून, देशापासून आणि अखेर आपल्या खेळापासूनही तो दूर जात राहिला. २००८ साली ६४ व्या वर्षी तो रेक्याविकमध्येच वारला. पटावरची घरेही ६४ च. हे कोडे ज्याला सुटेल त्याने सोडवावे. पण तेरा वर्षांच्या मुलात जे असते ते सांभाळून मोठे करणे हा पटावरच्या खेळाहून अवघड खेळ आहे, एवढे तरी त्यातून दिसते.

आडनाव घरी आले

ग्रुनफेल्ड बचाव मात्र म्हातारा झाला नाही. कार्पोव्हविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतींत १९८६ आणि १९८७ साली कास्पारोव्हने त्यावर भिस्त ठेवली. २०१० साली सोफियामध्ये टोपालोव्हविरुद्ध आपल्या विश्वनाथन आनंदनेही पहिल्याच डावात तो वापरला. आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने विमाने बंद पडल्यामुळे आनंद फ्रँकफर्टहून मोटारीने, सुमारे ४० तासांचा प्रवास करून तिथे पोहोचला होता. त्या डावात तो ३० खेळ्यांत हरला. बचावाची बदनामी व्हायला एवढे पुरे होते. पण दहाव्या डावात त्याने तोच बचाव पुन्हा मांडला, बरोबरी साधली, आणि बारावा डाव जिंकून जगज्जेतेपद राखले.

आता तर चित्रच पालटले आहे. २०२४ च्या डिसेंबरात १८ वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे आपल्या नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि अंतिम फेरीत तिच्यासमोर होती तीही भारताचीच कोनेरू हम्पी. जगात कुठेही स्पर्धा असो, ‘इंडियन’ हे आता केवळ सुरुवातीचे आडनाव राहिलेले नाही, पटामागे बसलेल्या खेळाडूचेही झाले आहे.

या मुलांच्या खेळ्या त्याच क्षणी जगभर पोहोचतात, नोंदल्या जातात, जतन होतात. त्यांचे नाव कोणी मोहेशुंदर असे मोडूनतोडून लिहिणार नाही. पण त्यातले कोणी काळी मोहरी घेऊन बसले, घोडा काढला, प्यादे एकच घर सरकवून उंटाला झरोका करून दिला, की जाणत्याने मनातल्या मनात एक नमस्कार जरूर करावा. व्हिएन्नाच्या त्या एका पायाच्या पंडिताला, समोरच्या मुलाला डाव पुरा करू देणाऱ्या बर्नला, आणि बंगालच्या एका गावातल्या त्या ब्राह्मणाला, ज्याचा गावात कधी पराभव झाला नव्हता आणि शहरात येऊन हरता हरता जो जगाला एक नवी रीत देऊन गेला.